चोपन्न हर्ट्झची गुणगुण

टेबलावर सात वस्तू होत्या. एक हार्ड डिस्क, एक सीडी, कॅसेटचं रिकामं प्लॅस्टिकचं खोकं, एका बाईंचा जुना फोटो, दवाखान्याची फाइल, ज्येष्ठमधाच्या काड्यांची पुडी, आणि खाकी कापडात बांधलेली, अर्धी टेबलाबाहेर आलेली हार्मोनियम. मी मोजून पावतीवर लिहायला घेतलं. आमच्या स्टुडिओचे मालक कोष्टीकाका यांची शिस्तच तशी होती. गिऱ्हाइकाकडून काय आलं ते आधी मोजायचं, मगच नमस्कार-चमत्कार.

"पेटी लिहू नका, बाळ," समोरचे गृहस्थ म्हणाले. "ती परत नेणार. नुसती ऐकवायला आणलीय. आणि ज्येष्ठमध हिचा हाय, तो पण लिहू नका."

"लिहू दे की, आण्णा," त्यांच्या मुलीनं बसक्या आवाजात म्हटलं. "हरवला तर नुकसानभरपाई मागता येईल."

ही आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये एम.एस्सी. करून नुकतीच सांगलीच्या त्या स्टुडिओत लागले होते. आमच्याकडे लग्नाच्या व्हिडिओंचं संगीत व्हायचं, निवडणुकीच्या रिक्षांवरच्या घोषणा व्हायच्या, कधीमधी भजनाची सीडी. शास्त्रीय गाण्याचं काम माझ्या हाताला पहिल्यांदाच येत होतं, त्यामुळे मी जरा जास्तच टापटीप करत होते.

गृहस्थांचं नाव जिनपाल मगदूम. वीज मंडळातून सबस्टेशन ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. मुलगी इरावती, माझ्याच वयाची. गळ्याभोवती सुती ओढणी दोन वेढे देऊन घेतलेली. फोटोतल्या बाई म्हणजे हेमलताबाई, तिची आई. इरा दीड वर्षाची असताना मेंदूज्वरानं चार दिवसांत गेल्या. त्या गायच्या. नाव होण्याआधीच गेल्या. मागे उरलं ते एकच रेकॉर्डिंग. वीज मंडळाच्या वसाहतीतल्या गणेशोत्सवात त्या मधुवंती राग गायल्या होत्या, ते मगदूमकाकांनी स्वतः टेपरेकॉर्डर लावून कॅसेटवर घेतलं होतं.

"कॅसेट कुठाय?" मी रिकामं खोकं उघडून पाहिलं.

"बुरशी खाऊन गेली. पण त्याआधी पुण्यातल्या एका स्टुडिओत नेऊन कॉम्प्युटरवर चढवून घेतली. ही डिस्क म्हणजे ती. सीडी पण तिच्यावरनंच काढलेली." काकांनी डिस्कवर तळहात ठेवला. "येत्या रविवारी पंचविसावा स्मृतिदिन हाय. नाट्यगृह घेतलंय. ह्या डिस्कवरचं एकदम वरच्या दर्जाचं करून द्या. कोष्टी म्हणाले, अपसॅम्पलिंग का काय ते करता तुम्ही."

"करते. पण काका, आधीच सांगते. आवाज साठवताना सेकंदाला हजारो ठिपके घेतलेले असतात. डिस्कवरच्या तुमच्या फाइलवर अठ्ठेचाळीस हजार लिहिलेत. अपसॅम्पलिंगमध्ये दर दोन ठिपक्यांच्या मधला ठिपका हिशोबानं काढून भरतात. शहाण्णव हजार होतात. नवी यंत्रं तशी फाइल मागतात म्हणून करायचं. कॅसेटवर जे नव्हतं ते त्यातून येणार नाही."

"म्हणजे भांडं मोठं, ताक तेवढंच," इरा म्हणाली.

"तेवढंच."

"बघा आण्णा. मी सांगत होते."

"तू बोलू नको. किती मिनिटं झाली?"

तिनं मनगटावरचं घड्याळ दाखवलं. डॉक्टरांनी तिला दिवसाला वीस मिनिटं बोलायची परवानगी दिली होती आणि ती वीस मिनिटं ती अशी टोमण्यांवर उधळत होती.

दवाखान्याची फाइल चुकून सामानात आली नव्हती. काकांनी ती माझ्यापुढे उघडली, जणू मी सगळ्याच प्रकारच्या आवाजांची डॉक्टर. इराच्या स्वरतंतूंवर दोन्ही बाजूंना गाठी. एकीवरची रक्तवाहिनी सुजलेली. डॉक्टरांनी मराठीत समजावून सांगितलेलं काकांना पाठ होतं. वरच्या पट्टीत जोर लावला तर ती फुटेल, आणि फुटली तर गाण्याचा आवाज परत येईलच असं नाही. पट्टी उतरवा, मग रविवारी खुशाल गा.

"मग उतरवायची की," मी म्हणाले. मला ते अगदी साधं वाटलं होतं.

मग इरानं खाकी कापडाची गाठ सोडली, भाता उघडला आणि एक सूर दाबून धरला.

"ही आईची पट्टी," ती म्हणाली. "कुठली सांग."

मला संगीत येत नव्हतं, मोजता येत होतं. मी माइक पुढे केला. पडद्यावर आकडा आला. दोनशे सव्वीस हर्ट्झ.

"पांढरी सहाच्या वर आणि काळी पाचच्या खाली," मी पेटीच्या पट्ट्यांचा तक्ता बघून सांगितलं. "मधेच आहे. पेटी उतरलीय का?"

"उतरली नाही, उतरवून घेतलीय," काका अभिमानानं म्हणाले. "मिरजेच्या कारागिराकडनं. एकेक सूर घासून ह्या रेकॉर्डिंगला लावून घेतला. तो म्हणाला, अहो, ही पट्टी कुठल्याच पेटीत नसते. म्हटलं, आमच्यात असते. त्या दिवशी वसाहतीच्या भजनी मंडळाची जुनी पेटी होती, ती चढलेली असणार. पण हेमा त्या सुरात गायली ना? मग झालं तर."

"सहा वर्षांची असल्यापासनं मी ह्यातच गाते," इरा म्हणाली. "तीन गुरू झाले. तिघंही म्हणाले, खाली ये. तिघांनाही सोडलं. रविवारी लोक तिचं ऐकणार आणि लगेच माझं ऐकणार. मी खाली बसून गाऊ? तिच्या पायरीवर नको का?"

"एक मिनिट राहिलं," काका म्हणाले.

"मग शेवटचं सांगते. ह्यातली ती गुणगुण काढ. आण्णांचं पाप आहे ते."

काका हसले. बैठकीच्या मांडवाला वीज त्यांनीच जोडून दिली होती, आणि अर्थिंग नीट न झाल्यानं टेपमध्ये सगळीकडे विजेची बारीक गुणगुण शिरली होती. "पंचवीस वर्षं खुपतंय मला. बायको गातीय आणि माझा ट्रान्सफॉर्मर साथीला. ते तेवढं काढा, बाळ."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कामाला बसले. विजेची गुणगुण काढणं हे आमच्या धंद्यातलं सगळ्यात सोपं काम. आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास वेळा उलटसुलट होते. तिची गुणगुण पन्नासवर असते, शंभरवर असते, दीडशेवर असते. त्या त्या जागी चाळणी लावायची, बाकीच्या आवाजाला धक्का न लावता गुणगुण गळून पडते. मी सगळ्या चाळण्या लावल्या आणि ऐकलं. गुणगुण होती तशीच होती.

चाळण्या रुंद केल्या, तरी तशीच. हेडफोन बदलला. मग सुरुवातीचा तुकडा, जिथे गाणं सुरू व्हायचं होतं आणि फक्त लोकांची कुजबुज होती, तो काढून त्याचा आलेख घेतला. गुणगुणीचं टोक स्पष्ट दिसत होतं, सुईसारखं. त्याच्या पटीतली बाकीची टोकंही दिसत होती. फक्त पहिलं टोक पन्नासवर नव्हतं.

चोपन्न पूर्णांक दोन दशांश.

मला वाटलं, ही गुणगुण विजेची नसेलच. पंख्याची असेल, जनरेटरची असेल. लहान जनरेटर भरधाव पळाला तर एवढं होऊ शकतं. दुपारी दोघं आली तेव्हा मी आधी तेच विचारलं.

"काका, त्या दिवशी जनरेटर होता का मांडवात?"

"जनरेटर?" काकांना राग आल्यासारखा झाला. "वीज मंडळाच्या वसाहतीत जनरेटर? लोकांनी तोंडात शेण घातलं असतं आमच्या. सरळ माझ्या सबस्टेशनची लाइन होती. मी स्वतः टाकलेली."

"मग त्या दिवशी वीज चोपन्नवर कशी होती?"

"काय चोपन्नवर?"

"फ्रिक्वेन्सी. ही बघा."

काकांनी खिशातून चष्मा काढला, पडद्याजवळ गेले, आकडा वाचला आणि हसायला लागले. "तुमचं मशीन दाखवा कुणाला तरी. चोपन्न! अगं पोरी, एक्कावन्नला आमची पळापळ व्हायची. आणि त्या वर्षांत तर एकोणपन्नास मिळाले तरी देव पावला म्हणायचो. चोपन्नला जायच्या आधी सगळी स्टेशनं सुटली असती. आख्खं राज्य अंधारात. चोपन्न ही..."

ते थांबले. बोट अजून पडद्यावर होतं.

"चोपन्न ही कुठली वीजच नाही," ते हळू म्हणाले.

"मशीन बरोबर आहे, काका. सकाळपासून चार वेळा तपासलं."

"मग?"

मी नुसतीच आकड्यांकडे बघत होते. वीज खरी असेल, मशीन खरं असेल, तर मधलं काहीतरी खोटं आहे. काका म्हणत होते तशी वीज पन्नासच्या जरा खाली धरली आणि चोपन्न पूर्णांक दोनला एकोणपन्नास पूर्णांक आठनं भागलं. एक पूर्णांक शून्य आठ आठ. हा आकडा कुठेतरी पाहिलेला होता. आमच्या धंद्यात ठिपक्यांचे दोनच जुने हिशोब. सीडीचा सेकंदाला चव्वेचाळीस हजार शंभर, आणि व्हिडिओवाल्यांचा अठ्ठेचाळीस हजार. मी कॅल्क्युलेटरवर दुसऱ्याला पहिल्यानं भागलं.

एक पूर्णांक शून्य आठ आठ.

मी फाइलची एक प्रत काढली.

"काय झालं?" इरानं विचारलं.

"पुण्याच्या त्या स्टुडिओत कॅसेट चढवली ती चव्वेचाळीस हजारांवर," मी म्हणाले. "मग सीडी काढायच्या आधीच तिथे कुणीतरी अठ्ठेचाळीसची फाइल हवी म्हणालं असेल. तेव्हा मधले ठिपके हिशोबानं भरून वाढवायला हवे होते. म्हणजे अपसॅम्पलिंग. ते केलं नाही. फक्त पाटी बदलली. चव्वेचाळीसच्या जागी अठ्ठेचाळीस लिहिलं. ठिपके तेच, तेवढेच."

"मग बिघडलं काय?"

"यंत्र पाटी वाचतं. पाटीवर अठ्ठेचाळीस आहे म्हटल्यावर ते दर सेकंदाला अठ्ठेचाळीस हजार ठिपके वाजवत सुटतं. सेकंदभराचं गाणं सेकंद व्हायच्या आतच संपतं. सगळं पळतं. आणि पळालं की चढतं."

इरानं माझ्याकडे पाहिलं. तिला कळायला मुळीच वेळ लागला नाही. ती गाणारी होती.

"किती चढतं?"

"सुमारे दीड सूर. म्हणजे, दीड पट्टी."

मी प्रतीवरची पाटी बदलली. अठ्ठेचाळीस हजार खोडून चव्वेचाळीस हजार शंभर. एवढंच. मग आलेख पुन्हा काढला. गुणगुणीचं टोक सरकून एकोणपन्नास पूर्णांक आठवर आलं.

"हां," काका म्हणाले. "ही आमची वीज."

मी स्पीकर चालू केले.

आधी मांडवातली कुजबुज. मग एक पुरुषी आवाज, "हॅलो, हॅलो, एक, दोन... बाईंना पाणी द्या रे." ह्या वाक्यावरून इरा काकांना आदल्या दिवशीच चिडवत होती, आण्णा तुमचा आवाज किती कोवळा होता, शाळेतल्या पोरासारखा. आता त्यात कोवळं काही नव्हतं. आता खोलीत बसलेल्या माणसाचाच आवाज स्पीकरमधून येत होता, तसाच छातीतून, तसाच शेवट ओढत. काकांनी खुर्चीचा हात धरला.

मग पेटीचा सूर आला. आदल्या दिवशीचा दोनशे सव्वीस नव्हे, दोनशे सात पूर्णांक सहा. तक्त्यात बघायचीही गरज नव्हती. काळी चार, केसाचाही फरक नाही. भजनी मंडळाची पेटी अगदी सुरात होती.

आणि मग हेमलताबाई गायला लागल्या.

मी आदल्या दिवशी सीडी ऐकली होती. तिच्यातला आवाज पातळ, चपळ, टोकदार होता, जरा घाईतला, ऐकताना आपलाही श्वास वर राहावा असा. हा आवाज दुसऱ्या बाईचा होता. जाड, निवांत. एक सूर लावून त्यावर बसून राहणारा. दोन सुरांच्या मधला श्वास ऐकू येत होता. ज्या ताना ऐकून लोक तोंडात बोट घालायचे, त्या आता पायऱ्या उतरल्यासारख्या एकेक सूर दाखवत येत होत्या.

मी काकांकडे पाहिलं. ते रडत नव्हते. तोंड अर्धवट उघडं होतं आणि चेहऱ्याचा रंग गेला होता.

"हीच," ते म्हणाले. "अशीच गायची. अशी... सावकाश."

"आण्णा," इरा म्हणाली.

"पहिल्यांदा सीडी लावली ना घरात, तेव्हा मला वाटलंच होतं. म्हटलं, हिला एवढी घाई कधी होती? आवाज पण असा चिमणीसारखा कसा? त्या स्टुडिओतल्या पोराला फोन केला. तो म्हणाला, काका, कॉम्प्युटर हाय, टेपसारखं मागं-पुढं होत नाही, जे होतं तेच आलंय. मग म्हटलं, माझंच विसरायला झालं असेल. चार-पाच वर्षं झाली होती तिला जाऊन. मला काळी-पांढरी काय कळतीय? मला व्होल्ट कळतात."

"आण्णा, तुम्हाला माहीत होतं?"

"माहीत नव्हतं, बाळा. वाटलं होतं."

"मग मला का नाही सांगितलं?"

"तू सहा वर्षांची होतीस." काकांनी स्पीकरकडे बोट केलं, जणू घरातला तो सीडीप्लेअर तिथेच होता. "फ्रॉक घालून त्याच्यासमोर बसून तिच्याबरोबर गात होतीस. सूर न् सूर. शेजारपाजारचे ऐकायला यायचे. म्हणायचे, हेमाताई परत आली. मी काय सांगू, की ही तुझी आई अशी नव्हती? आणि माझंच चुकत असलं तर?"

स्पीकरमधून हेमलताबाई शांतपणे वरच्या सुरांकडे निघाल्या होत्या.

"बंद कर," इरा म्हणाली.

मी आवाज कमी केला.

"बंद कर म्हटलं ना!"

तो शेवटचा शब्द फाटला. काका एकदम उठले. "ओरडू नको! इरा, गळा..."

"ही कोण बाई आहे?" ती आता कुजबुजत होती. गळ्यावर हात दाबलेला होता. "मला ही माहीत नाही. माझी आई तिकडं डिस्कमध्ये आहे. रोज सकाळी उठून मी तिच्याबरोबर गायलेय. वीस वर्षं. तिनं श्वास कुठं घेतला ते मला माहिताय. आणि तू काय करतेस, एक आकडा खोडतेस आणि म्हणतेस, ती नव्हतीच?"

मी म्हणाले, "गायलेल्या त्याच आहेत. फक्त..."

"फक्त काय? बोल ना. तू शिकलेली आहेस ना ह्यातलं?"

समोरच्या पेटीवर खाकी कापड होतं. ती पेटी कशाला लावून घेतली होती, ते तिघांनाही एकाच वेळी आठवलं असावं, कारण तिघंही तिकडेच बघत होतो. दवाखान्याची फाइल तिच्याच शेजारी होती. दोन्ही बाजूंच्या गाठी, एकीवरची सुजलेली रक्तवाहिनी.

कोष्टीकाका चहा घेऊन डोकावले, खोलीतली माणसं बघितली आणि ट्रे दारातल्या स्टुलावर ठेवून काही न विचारता गेले.

मग इरा खुर्चीत नीट बसली. ओढणी सोडली, पुन्हा बांधली.

"लाव," ती म्हणाली. "पहिल्यापासून. पूर्ण."

मी लावलं. ती डोळे मिटून ऐकत होती. नेहमीच्या जागी तिचे ओठ हलायचे आणि आईचा सूर अजून आलेलाच नसायचा. मग ओठ थांबायचे, वाट बघायचे. असं कितीतरी वेळा झालं. शेवटी शेवटी ते हलायचे बंद झाले. कॅसेटची बाजू संपते तिथे तान मधेच तुटते, तिथपर्यंत तिनं ऐकलं.

"डॉक्टर काय म्हणाले होते, आण्णा? पट्टी उतरवा आणि खुशाल गा."

"होय."

"मग काळी चार झाली तर चालेल त्यांना."

"त्यांना दीड पट्टी खाली म्हणजे चैनच," काकांच्या आवाजात पहिल्यांदा जीव आला. "अगं, तू रविवारी गाशील! तुझ्या आईच्याच पट्टीत गाशील, आणि गळा पण राहील. सगळंच जमतंय की हे! बाळ, हिला त्या सुरात तंबोरा लावून द्या तुमच्या मशीनवर."

"फक्त हळू आवाजात," मी म्हणाले. "परवानगीत बसतं का?"

"बोलायची अजून नऊ मिनिटं आहेत. ती गाण्यात घालते," इरा म्हणाली. "आम्हा बापलेकीत बोलण्यासारखं काही राहिलं नाही आज."

काका हसले. तिनं त्यांच्याकडे पाहिलं नाही, पण गुडघ्यावर एक हलकी चापट मारली.

मी दोनशे सात पूर्णांक सहावर तंबोरा लावला. तिच्यासमोर माइक ठेवला आणि पडद्यावर तिच्या सुराचा आकडा मोठा करून घेतला. काका खुर्ची ओढून पडद्यापुढे बसले. सूर त्यांना कळत नव्हते, पण जन्मभर त्यांनी मीटरचे आकडे वाचले होते.

इरानं सा लावला. अगदी हळू, तोंडातल्या तोंडात.

"दोनशे सात पूर्णांक सात," काका म्हणाले. "झालं की!"

गळ्याला कुठे ताण नव्हता. बसका, पण भरलेला आवाज आला. तिलाही ते जाणवलं असावं, कारण तिच्या खांद्यांचा ताठा गेला. तिनं दोन-तीन वेळा सूर लावून पाहिला. प्रत्येक वेळी आकडा तिथल्या तिथे.

"आता तंबोरा बंद कर," ती म्हणाली.

"कशाला? तंबोरा तर रविवारी असणारच की," काका म्हणाले.

"असणार. पण वरच्या सुरांत गेले की मला बाहेरचं काही ऐकू येत नाही, आण्णा. तेव्हा मी आतल्या सुरावर असते. मला बघायचंय, तो कुठं आहे."

मी तंबोरा बंद केला. खोलीत फक्त यंत्राच्या पंख्याचा आवाज राहिला. तिनं डोळे मिटले आणि मधुवंतीची साधी आलापी सुरू केली. दोन-चार सूर घ्यायचे आणि फिरून सा वर यायचं.

पहिल्यांदा सा वर आली.

"दोनशे आठ," काकांनी वाचलं. कंट्रोल रूममध्ये वाचतात तसं, सपाट आवाजात.

ती पुन्हा निघाली, गंधारापर्यंत जाऊन फिरली.

"दोनशे बारा."

चेहरा शांत होता. काही बदललं आहे, असं तिच्या चेहऱ्यावर कुठेच नव्हतं. उलट आता तिला बरं वाटत होतं, ओठांच्या कडेला हसू होतं. ती पंचमाला गेली, तिथे थांबली, सावकाश खाली आली.

"दोनशे एकोणीस," काका म्हणाले. त्यांचा हात पुढे झाला, जणू काहीतरी बंद करायचं होतं, पण बंद करायला तिथे काही नव्हतं. "बाळ, हे थांबवा."

मी तिच्या खांद्याला हात लावायला उठले. तेवढ्यात ती सा वर परत आली आणि तिथे स्थिर राहिली. मानेवरची शीर वर आली होती. डोळे मिटलेलेच होते.

काकांनी वाचलं नाही. मी वाचलं.

दोनशे पंचवीस पूर्णांक नऊ.